मार्गशीर्षातला पंधरवडा

सहलीचा बेत ठरला की आपण आधी शाळेची सुट्टी पाहतो, मग गाडीचे वेळापत्रक. नांदेड-लातूरकडच्या जत्रा पाहायच्या असतील तर हा क्रम उपयोगाचा नाही. आधी पंचांग काढावे. गेल्या वर्षीची तारीख वहीत टिपून यंदा त्याच तारखेला माळेगावला उतरणाऱ्याला रिकामे माळरान दिसण्याचा संभव फार. २०२२ साली मार्गशीर्ष अमावास्या २३ डिसेंबरला आली. त्यानंतरची आली ती थेट ११ जानेवारी २०२४ रोजी. मध्ये अधिक श्रावण पडला होता ना! म्हणजे २०२३ या इंग्रजी सालात माळेगावची जत्रा भरलीच नाही, आणि तरी एकही वर्ष चुकले नाही.

आपल्या भागात कालगणनेचा हा गोंधळ जुना आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कचेरी फसली सन मोजी, दर्ग्यातला उरूस हिजरी महिन्यावर चाले, आणि शेतकऱ्याचे सारे व्यवहार शालिवाहन शकाच्या तिथीवर. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, पुढे फसली सन कचेरीतून गेला. पण जत्रा आणि उरूस ज्याच्या त्याच्या चंद्रावरच राहिले. कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याचा उरूस दरसाल सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. आज उन्हाळ्यात पाहिलेला उरूस काही वर्षांनी थंडीत पाहावा लागतो. लातूरची सिद्धेश्वराची जत्रा महाशिवरात्रीची, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला होला मोहल्ला होळीच्या सुमाराचा. हे दिवस बांधलेले आहेत, वाट वाकडी करून एकेक पाहता येतात. पण कमी खर्चात आणि थोड्या दिवसांत पुष्कळ पाहायचे असेल, त्यातून मुले बरोबर असतील, तर मार्गशीर्षाच्या पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा मोकळा ठेवावा असे मी सांगेन.

पौर्णिमेला माहूर. त्या दिवशी दत्तजयंती असते. रेणुकेचा डोंगर, दत्तशिखर, जुना किल्ला हे सारे जवळ जवळ आहे. इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: माहूर कोणत्या जिल्ह्यातले? नांदेड, असे उत्तर येईल आणि ते बरोबरच आहे. पण १९५६ पर्यंत किनवट तालुका, आणि त्यासोबत माहूर, आदिलाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. आदिलाबाद आंध्रात गेले, बिदर म्हैसुरात गेले, आणि ही मराठी ठाणी मुंबई राज्यात आली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये लातूर हा निराळा जिल्हा झाला. नकाशा इतक्यांदा बदलला. माहूरच्या पायऱ्या चढणारा वारकरी मात्र पूर्वीच्याच गावांहून येतो; आपण कोणती हद्द ओलांडली याची तो चौकशीही करीत नाही.

माहूरहून नांदेडला यावे. मधले दिवस येथे चांगले जातात. १७०८ साली गुरू गोविंदसिंह बादशहा बहादूरशहाच्या लष्करासोबत दक्षिणेत आले, ते गोदेच्या काठी नांदेडला थांबले. याच मुक्कामात माधोदास बैराग्याची भेट झाली आणि त्याचा बंदा सिंग झाला; याच मुक्कामात गुरूंनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले, आणि त्याच साली ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला. आज दिसणारे सचखंड महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवले. लाहोर आणि नांदेड यांतले अंतर ध्यानात घेतले, आणि तेव्हा आगगाडी नव्हती हेही ध्यानात घेतले, म्हणजे त्या भक्तीची कल्पना येते. लंगरात सर्वांना पंगत आहे. वर्गातली चाळीस मुले असली तरी कोणी कपाळाला आठी घालीत नाही.

मग नांदेड-लातूर रस्त्यावरचे माळेगाव. जत्रा खंडोबाची, अमावास्येच्या आदल्या सुमारास देवस्वारी निघते आणि भंडारा उधळला की बाजाराला जोर चढतो. घोडे, गाढवे, बैल, कुत्री, सगळ्यांचा बाजार. आपल्या भागाची दोन नावाजलेली गोधने मुलांनी डोळ्यांनी पाहावीत: गर्द तांबडी लाल कंधारी, आणि पांढऱ्यावर काळे डाग असलेली देवणी. ही जत्रा नेमकी याच वेळी का, याचे उत्तर देवळात शोधण्यापेक्षा शेतात शोधावे. खरीप घरात आलेले असते, हातात चार पैसे खेळत असतात, रब्बीची पेरणी उरकलेली असते, रस्ते कोरडे असतात. जोडी बदलायची ती आताच. आणि पालावरची माणसे, वैदू, घिसाडी, गोसावी, वर्षभर जी कुठे कुठे विखुरलेली असतात, ती येथे एकत्र येतात. त्यांची सोयरीक येथे जुळे, जातपंचायतीचे तंटे येथे तुटत. ज्यांचे नाव कोणत्याही गावच्या दफ्तरात नव्हते त्यांची कचेरी म्हणजे ही जत्रा. इतिहासाच्या पुस्तकांत या लोकांना जागा फार थोडी, म्हणून म्हणतो, येथे घोडे पाहून परतू नये. पालांकडेही एक चक्कर टाकावी.

आता बेतातली अडचण. माळेगावची गर्दी ऐन भरात असते त्याच अमावास्येला लातूरकडे वेळ अमावास्या असते, आपण तिला येळवस म्हणतो. देवस्वारी पाहून तिथून अहमदपूरच्या वाटेने पुढे सरकावे, म्हणजे दोन्ही साधते. येळवस गावात नसते, शेतात असते. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोपी करतात, आत पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात आणि पूजा झाली की भज्जी, उंडे, अंबील, खीर, तिळाच्या पोळ्या. अंधार पडला की कडब्याचा पेटता चूड, त्याला हेंडगा म्हणतात, पिकाभोवती फिरवतात. बिदर-कलबुर्गीकडचा कानडी शेतकरीही याच दिवशी एळ्ळ अमावास्या करतो. १९५६ ची रेघ याच शिवारांतून गेली. सण दोन्ही बाजूंना राहिला.

किल्लारीच्या बाजूला गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, भूकंप झाला आणि हजारो माणसे दगामातीच्या भिंतींखाली गेली. पुढे गावेच्या गावे उठवून नव्या जागी बसवली. घरे हलली, जमिनी हलवता येत नव्हत्या. तेव्हा नव्या गावातून अंबिलाचे मडके डोक्यावर घेऊन बाई जुन्या शिवाराकडे निघाली, तर ती किती लांब चालते हे मुलांना मोजायला सांगावे.

आणि एक सूचना. येळवशीच्या दिवशी लातुरात खानावळ शोधत फिरू नये. दुकाने बंद, रस्ते ओस, सगळे शहर शेतात गेलेले असते. सरळ बांधावर जाऊन उभे राहावे. ओळख असो नसो, हाक येतेच.