अडवून धरणाऱ्यांचं घराणं

पंचवटी एक्सप्रेस 1975 साली सुरू झाली. तेव्हापासून नाशिकरोडला चढणाऱ्या पासधारकांच्या किती पिढ्यांनी मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते कुटले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आज याच नाशिक शहरात कॉलेजातली मुलं चौघं मिळून रंगीत चित्रांच्या पत्त्यांचा 'मॅजिक' खेळतात. त्यांच्यात एक जण हमखास असा असतो, जो फारसा हल्ला करत नाही. हातात पानं राखून असतो आणि ऐन वेळी दुसऱ्याची चाल अडवतो. मुलं त्याला 'कंट्रोल प्लेअर' म्हणतात. ही तऱ्हा अमेरिकेतून आली असं त्यांना वाटतं. पत्ते तिथून आले हे खरं. पण चार जणांत बसून अडवायचं कसं, याची आपल्याकडची शाळा बरीच जुनी आहे.

1527 साली बाबरानं सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा, म्हणजे त्या काळचे पत्ते, पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांचे, प्रत्येकी बारा पानांचे गंजिफे आले. आपल्याकडे, विशेषतः सावंतवाडीत, दशावतारी गंजिफा रुजली. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणजे एकूण 120. तिघे बसले तर प्रत्येकाच्या हातात 40 पानं येतात, आणि भिडू कुणीच नसतो. दिवसा ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा.

या खेळात हुकमाचा रंग नाही. राजा गेला की प्रधान मोठा, प्रधान गेला की त्याखालचं पान. म्हणजे हातातली मामुली पंजीसुद्धा केव्हा तरी त्या रंगातलं सर्वांत मोठं पान होते. पण ते ओळखायला 120 पैकी कोणती पानं पडली हे डोक्यात हवं. ज्याला गेलेली पानं आठवतात त्याच्या हाती डाव राहतो. माझ्या मते कंट्रोलचा हा मूळपुरुष आहे: ताकद पानात कमी आणि उरलेल्या पानांच्या हिशेबात जास्त.

बावन्न पत्त्यांचा कॅट आला आणि गंजिफा मागे पडली. मेंढीकोटात आपण जोड्या लावल्या, बंद हुकूम शिकलो. तरी खऱ्या अर्थानं ज्यानं 'प्रत्येक जण आपापला' ही बैठक घराघरात टिकवली तो खेळ म्हणजे बदाम सात. इंग्लंडातल्या 'पार्लमेंट' या खेळाचं हे भावंड. मोठी माणसं त्याला पोराटोरांचा खेळ म्हणून बाजूला सारतात. ते मला पटत नाही.

एक हात जवळून पाहा. बदामाची सत्ती पडली आहे. चौकटची सत्तीही पडली. तुमच्याकडे चौकटची अठ्ठी आहे, पण त्यावरचं एकही पान नाही. शिवाय इस्पिकची सत्ती, छक्की, पंजी ओळीनं आहेत. नवखा खेळाडू अठ्ठी लगेच टाकतो. मुरलेला आधी इस्पिकची सत्ती टाकेल, मग छक्की, मग पंजी. तेवढ्या तीन फेऱ्या चौकटची नव्वी, दश्शी, गुलाम, राणी आणि राजा ज्यांच्या हातात आहेत ते सगळे ताटकळतील. लागणारं पान असताना 'पास' म्हणणं नियमात बसत नाही. म्हणून अडवून धरायचं तर टाकायला दुसरी पानं हवीत. उलट चौकटचा राजा तुमच्याच हातात असेल तर तीच अठ्ठी रोखून तुम्ही स्वतःची वाट बंद करता. किती वेळ धरायचं आणि केव्हा सोडायचं, हे बारक्या पोरांना कुणी समजावून सांगत नाही. दोन-चार वेळा राजा-राणी हातात राहून गुण अंगावर बसले की आपोआप कळतं.

आता दुसरं घराणं. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानं रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' 1993च्या ऑगस्टमध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'नं बाजारात आणला. समोरच्यानं टाकलेलं पान लागू होण्याआधीच रद्द करणारं 'काउंटरस्पेल' आणि पटावरचे सगळे प्राणी एका झटक्यात मारणारं 'रॅथ ऑफ गॉड' ही दोन्ही पानं पहिल्याच संचात होती. 1990च्या दशकाच्या मध्यावर ब्रायन वाइसमन या खेळाडूनं त्यातून जो कॅट बांधला, त्याला नुसतं 'द डेक' म्हणत. त्याचं तत्त्व सरळ होतं. समोरच्याच्या प्रत्येक पानाला उत्तर द्यायचं, मध्ये मध्ये त्याच्यापेक्षा एखादं पान जास्त ओढायचं आणि तो रिता झाला की सावकाश एखाद-दुसऱ्या देवदूतानं डाव संपवायचा.

दोघांच्या खेळात हे गणित चोख होतं. त्याचं एक पान गेलं, माझं एक गेलं, फिटंफाट. चौघं बसले की मात्र तेच गणित कोलमडतं. मी एकाची चाल अडवली तर माझं आणि त्याचं एकेक पान गेलं, उरलेल्या दोघांचं काहीच गेलं नाही. शिवाय एका फेरीत ते तिघे मिळून तीन पानं ओढतात आणि मी एक. सगळ्यांना उत्तर देत बसणारा सर्वांत आधी रिकामा होतो.

हा पेच मोठा झाला तो 'कमांडर' या प्रकारामुळे. 1990च्या दशकात अलास्कातल्या खेळाडूंनी तो घडवला आणि शेल्डन मेनेरी यांनी स्पर्धांच्या पंचमंडळींत पसरवला. त्यात शंभर पानं असतात, साध्या 'जमिनी'ची पानं सोडली तर एकही पान दुबार नाही, आयुष्य 20 ऐवजी 40, आणि बहुधा चार खेळाडू. 2011 साली कंपनीनं त्याचे तयार संच काढले. इथं कंट्रोलला नव्यानं जन्म घ्यावा लागला. एकास एक अडवणाऱ्या पानांचं मोल घटलं, सगळा पट साफ करणाऱ्यांचं वाढलं. 1997चं 'प्रोपगंडा' हल्ला करणाऱ्याकडून प्रत्येक प्राण्यामागे दाम मागतं. दाम द्यायचा नसेल तर तो शेजाऱ्यावर जातो. 2000चं 'रिस्टिक स्टडी' इतरांच्या जवळपास प्रत्येक चालीवर जकात लावतं: भरा, नाहीतर मी एक पान ओढतो.

पण या पानांपेक्षा मोठी शिकवण वेगळी होती. सगळं अडवायचं नाही, डाव जिंकून देणारी एकच चाल अडवायची. मधल्या काळात बाकीच्यांनी एकमेकांना दमवावं. आणि आपण सर्वांत बलाढ्य दिसायचं नाही, कारण तसं दिसताच तिघेही वळतात. बदाम सातमध्येही हेच होतं. किलवरची सत्ती कुणाकडे अडलीय याचा सुगावा लागला की तिघांच्या नजरा त्याच्यावर, आणि मग तेही आपापल्या छक्क्या-अठ्ठ्या त्याच्यासाठी राखून ठेवतात.

या दोन घराण्यांत रक्ताचं नातं मला दिसत नाही. अलास्कात कुणी बदाम सात खेळत नव्हतं, आणि गारफील्ड यांच्या पत्त्यांचा वंश सावंतवाडीला पोचत नाही. चारजणांच्या बैठकीनं दोन्हीकडे तोच धडा शिकायला भाग पाडलं. म्हणूनच नाशिकचा एखादा मुलगा कमांडरच्या टेबलावर पहिल्याच दिवशी सरावल्यासारखा वागतो याचं मला नवल वाटत नाही. आजीनं मे महिन्याच्या दुपारी त्याची बरीच तयारी करून घेतलेली असते.

खंत आहे ती गंजिफेची. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, आणि चितारी आजही तिथं हातानं पानं रंगवतात. मात्र विकत घेतलेले संच बहुतेक काचेच्या कपाटात किंवा भिंतीवर जातात. शंभर पानांच्या कमांडरमधली प्रत्येक अट तोंडपाठ असलेल्या मुलांना 120 पानं जड नाहीत. तिघं जमा, 40-40 पानं वाटा, दिवस असेल तर रामवाल्याला उतारी द्या, आणि कोणत्या पाच रंगांत एक्का मोठा ते आधी ठरवून घ्या.