काडतुसाचं तोंड नीट बंद नसेल तर काय होतं? बारा बोअरच्या 'क्रिम्प'ची पूर्ण गोष्ट

सोलापूर जिल्ह्यात करमाळा, बार्शी, मोहोळकडच्या एखाद्या जुन्या घरात गेलात तर कपाटात आजोबांच्या काळातली दुनाली बंदूक दिसू शकते. सोबत काडतुसांचा जुना डबा. काही काडतुसांचं तोंड फुगलेलं, काहींच्या मधोमध भोक, एखाद्यातून छर्रे बाहेर डोकावतायत.

मग कुणीतरी म्हणतं, "चालतंय की, दाबून बसवू."

थांबा. हे तोंड म्हणजे नुसतं झाकण नाही. त्यात गडबड झाली तर बार फुसका जातो आणि पुढचा बार नळी फाडू शकतो. कसं, ते पाहू.

क्रिम्प म्हणजे काय?

छर्ऱ्याचं काडतूस चार थरांचं असतं. तळाला पितळी किंवा स्टीलच्या बुडात टोपी (प्रायमर), तिच्यावर दारू, दारूवर वॅड म्हणजे प्लास्टिकची वाटी किंवा नमद्याचा डाट आणि सगळ्यात वर छर्रे. हे सगळं आत राहावं म्हणून नळकांड्याचं तोंड आत दुमडतात. या दुमडीला म्हणतात क्रिम्प.

तिचे दोन प्रकार आहेत. एक, कडा आत वळवून वर पुठ्ठ्याची चकती दाबलेली. करंजीला मुरड घालतो, तसंच काहीसं. याला रोल क्रिम्प म्हणतात. दुसरा, सहा किंवा आठ घड्या घालून मधोमध मिटलेला. मिटलेली छत्री वरून पाहा, तसा. हा स्टार क्रिम्प.

ती इतकी महत्त्वाची का?

काडतुसातली दारू एका क्षणात पेटते, पण ती नीट पेटायला सुरुवातीला थोडा अडथळा लागतो. तो अडथळा क्रिम्प देते. दुमड सैल असेल तर दाब तयार होण्याआधीच छर्रे पुढे सरकतात, दारू अर्धवट जळते आणि 'धाड'ऐवजी 'फुस्स' आवाज येतो.

खरा धोका इथेच आहे. अशा फुसक्या बारात वॅड नळीतच अडकू शकतं. हे न बघता दुसरा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते, आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नेमका तिथेच असतो.

कोणता दोष, काय कारण?

अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज वापरलेली नळकांडी हातयंत्रावर पुन्हा भरतात. यालाच रीलोडिंग म्हणतात. तिथे सगळ्यात जास्त डोकेदुखी असते ती क्रिम्पचीच. बहुतेक दोषांचं मूळ एकच: आतल्या थरांची एकूण उंची आणि नळकांड्याची उंची जुळत नाही.

• तोंड खड्ड्यासारखं आत गेलंय, घड्या पिळवटल्यात: आतला माल कमी उंच आहे. घड्यांना खालून आधारच नाही.

• तोंड फुगलंय, मधोमध भोक राहिलंय: आतला माल जास्त उंच आहे, किंवा नळकांडं आखूड आहे. वॅड चुकीचं असलं तरी असंच होतं. बारीक छर्रे या भोकातून गळतात.

• घड्या वेड्यावाकड्या: नळकांडं मुळात सहा घड्यांचं होतं आणि यंत्र आठ घड्यांचं वापरलं, किंवा उलट. प्लास्टिकला जुनी घडी 'आठवते', ती मोडून नवी बसत नाही.

• घड्यांच्या कडा चिरल्यात: नळकांडं म्हातारं झालंय. वारंवार दुमडून प्लास्टिक थकतं. ते टाकूनच द्यायचं.

• तोंडाखाली सुरकुती किंवा फुगवटा: यंत्राचा दाब जास्त झालाय. असं काडतूस चेंबरमध्ये अडकतं.

• कागदी नळकांडं फुगलंय: ओल लागलीय. जुन्या साठ्यात हे नेहमी दिसतं.

लक्षात घ्या, यातला एकही दोष अंगठ्याने दाबून किंवा मेण लावून बरा होत नाही. बाहेरून तोंड सरळ दिसेल, आतली उंची तीच राहील.

मग सोलापुरात घरी भरता येईल का?

नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो (कलम 5). बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. या कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही 'दारूगोळा' या व्याख्येतच येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे.

म्हणून इथे काडतूस घ्यायचं ते परवानाधारक दुकानातून, पावतीसह. विशेष म्हणजे देशात वापरली जाणारी 'शक्तिमान' बारा बोअर काडतुसं आपल्या महाराष्ट्रातच बनतात, पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात. हा कारखाना 1869 सालचा. ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.

70 आणि 65 चा घोळ

जुनी बंदूक असणाऱ्यांनी हे नक्की वाचा. डब्यावर 70 मिमी लिहिलेलं असतं, ती लांबी क्रिम्प उघडल्यानंतरची. बंद काडतूस त्यापेक्षा बरंच आखूड असतं. त्यामुळे 65 मिमी चेंबरच्या जुन्या बंदुकीतही 70 चं काडतूस आरामात बसतं. उडवल्यावर मात्र उघडणाऱ्या घड्यांना जागा मिळत नाही, त्या नळीच्या अरुंद भागात घुसतात आणि दाब वाढतो. 'बसलं म्हणजे चालतं' हा हिशेब इथे चुकतो. चेंबरची लांबी बहुधा नळीच्या खालच्या बाजूला कोरलेली असते. ती सापडत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या.

हे पाच नियम लक्षात ठेवा

1. उघडलेलं, फुगलेलं, चिरलेलं किंवा गंजलेलं काडतूस वापरू नका.
2. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा. बंदूक रिकामी करा आणि नळी आरपार स्वच्छ दिसते का ते पाहा.
3. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.
4. बारा बोअर आणि वीस बोअर काडतुसं एकत्र ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून अडकतं आणि त्यामागे बाराचं सहज बसतं. वीसची काडतुसं सहसा पिवळी असतात ती याचसाठी.
5. साठा कोरड्या, थंड, कुलूपबंद जागी ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली किंवा गाडीची डिकी ही ती जागा नव्हे.

जुन्या डब्याचं काय करायचं?

काडतुसं फोडू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका, भंगारात तर अजिबात देऊ नका. ज्यांच्या नावावर परवाना होता ते वारले असतील किंवा परवाना संपला असेल, तर बंदूक आणि काडतुसं घरी ठेवणं बेकायदा ठरतं. कलम 21 नुसार ती लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. पोचपावती घ्यायला विसरू नका. परवाना वारसाच्या नावावर करायचा असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

तुमच्या ओळखीत कुणाच्या कपाटात असा डबा असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा.