सातारा-सांगलीतील नामवंतांची उमेदवारी

क्रीडा, साहित्य किंवा मनोरंजन क्षेत्रात नाव कमावलेल्या व्यक्तींनी निवडणूक लढवण्याची या दोन जिल्ह्यांतील उदाहरणे. येथे तालमीतून मिळालेल्या नावाला रुपेरी पडद्याच्या तोडीचे वलय आहे.

सर्वांत ठळक उदाहरण चंद्रहार पाटील यांचे. खानापूर तालुक्यातील भाळवणीच्या या पैलवानाने २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा जिंकली. २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाने त्यांना सांगलीतून लोकसभेची उमेदवारी दिली. जागा मात्र परंपरेने काँग्रेसची. वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले, काँग्रेसचे बहुतांश कार्यकर्ते त्यांच्यामागे गेले आणि ते सुमारे १ लाख मतांनी विजयी झाले. भाजपचे संजयकाका पाटील दुसरे आले. चंद्रहार पाटलांना सुमारे ६० हजार मते मिळाली. अनामतही वाचली नाही. हा कौल पैलवानाच्या लोकप्रियतेविरुद्ध होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सहकारी संस्था, साखर कारखाने आणि गावोगावचे गट यांच्या जोरावर चालणाऱ्या राजकारणात एकट्या नावाची ताकद अपुरी पडली.

साताऱ्याचे अभिजित बिचुकले २०१९ मध्ये ‘बिग बॉस मराठी’मुळे घराघरांत पोहोचले. त्याच वर्षी त्यांनी वरळीतून आदित्य ठाकरे यांच्याविरुद्ध अपक्ष विधानसभा लढवली व पराभूत झाले.

मतदारांपुढे न जाता सभागृहात पोहोचण्याचा मार्ग नियुक्तीचा. आताच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे जन्मलेले कवी ग. दि. माडगूळकर विधान परिषदेत याच मार्गाने गेले.