दिवंगतांच्या मुलाखती

शिवाजी पेठेतील निवृत्ती चौकात शिवछत्रपतींचा अर्धपुतळा आहे. येणारा-जाणारा त्यास नमस्कार करतो. पुतळ्याने बोलावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. महाराजांना बोलते केले ते बखरकारांनी. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बखर लिहिली, तेव्हा महाराजांच्या निधनास दीड दशकाच्या आसपास काळ लोटला होता. बखरीतले संवाद कोणी जागेवर टिपून घेतले नव्हते. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली आणि अस्सल कागद व बखर यांतला भेद मराठी वाचकाच्या मनावर ठसवला.

हे आठवण्याचे कारण म्हणजे दिवंगत साहित्यिकांची मुलाखत घेण्याची नवी सोय. आपण प्रश्न विचारायचे आणि लेखकाच्या वतीने कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तरे द्यायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडच्या 'ऑफ रेडिओ क्राकोव'ने विस्लावा शिंबोर्स्का यांची अशी मुलाखत ऐकवली. २०१२ साली निवर्तलेल्या या कवयित्रीला २०२४ च्या नोबेल-विजेत्या हान कांग यांच्याविषयी बोलायला लावले गेले. कृत्रिम निवेदकांचा तो सारा प्रयोगच टीकेमुळे काही दिवसांत गुंडाळावा लागला.

उद्या कोणी वि. स. खांडेकरांनाही बोलते करील. १९३८ पासून खांडेकर कोल्हापूरकर. 'ययाति' (१९५९) साठी १९७४ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. आपल्या कादंबऱ्यांना ते स्वतःच दीर्घ प्रस्तावना जोडत. तेव्हा जे प्रस्तावनेत आहे, ते यंत्राकडून ऐकण्याऐवजी मुळातूनच का वाचू नये? आणि जे तेथे नाही, ते यंत्र कोठून आणणार? मुलाखतीचे खरे प्रयोजन तर याच दुसऱ्या जागी असते. समोरचा माणूस अडखळतो, जुने मत बदलतो, प्रश्न टाळतो. यंत्राला अडखळण्याचे कारण नाही. खांडेकरी वळणाचे सुभाषित त्याला केव्हाही जुळवता येते, आणि शैली ओळखीची वाटली की आपण आधार विचारायचे विसरतो.

आम्ही या खेळाच्या विरोधात नाही. बखरीतून बखरकाराचा काळ कळतो, तसा या मुलाखतींतून आपला काळ पुढच्यांना कळेल. मात्र तिचे वाक्य खांडेकरांच्या नावावर उद्धृत होऊ लागले, की राजवाड्यांनी उपसलेले कष्ट पुन्हा आरंभापासून उपसावे लागतील.