आडत, दलाली आणि मूळ धनी

दलाल हा शब्द शिवीसारखा वापरण्याची आपल्याकडे रीत पडली आहे आणि ती बरीचशी अन्यायाची आहे. दोन अनोळखी ठिकाणांमध्ये माल आणि पैसा फिरावयाचा, तर मध्ये कोणीतरी तिसरा उभा राहावा लागतोच. त्याने उभे राहावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. तो कोणास जबाबदार आहे आणि त्याच्या मागे आणखी किती जण उभे आहेत, हे पाहावयाचे असते.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावचा एखादा तरुण आज आपल्या मोबाइलवरून फवारणीच्या पंपाविषयी चार उपयोगाच्या गोष्टी लिहितो आणि खाली दुकानाचा दुवा देतो. त्या दुव्यावरून कोणी पंप विकत घेतला, तर त्यास ठरलेली दलाली मिळते. ह्या व्यवहारास अ‍ॅफिलिएट मार्केटिंग असे नाव आहे. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन ह्या ग्रंथविक्रेत्या पेढीने १९९६ साली त्याचा मोठा विस्तार आरंभिला. तरुण आणि कारखानदार यांची गाठ कधी पडत नाही. विक्री मोजणे, दलाली जमा ठेवणे आणि वाटणे ही कामे मधले एक जाळे करते. पुष्कळदा त्या जाळ्यासही ते काम दुसऱ्या जाळ्याकडून आणि त्या दुसऱ्यास तिसऱ्याकडून मिळालेले असते. प्रत्येक पायरीवर रकमेतून काही गळते, पैसे उशिरा येतात, आणि विक्री नामंजूर का झाली हे विचारावे तर उत्तर देणारा चार घरे पलीकडे असतो. म्हणून मूळ जाहिरातदाराशी थेट करार करावा अशी प्रत्येक जाळ्याची धडपड चालते. धनी तोच, त्याच्याशी बोलता आले, तर भाव ठरविता येतो.

ही धडपड वऱ्हाडास नवी नाही. तेथे ती कापसाच्या रूपाने दीडशे वर्षांपूर्वीच येऊन गेली.

एके काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेस मिर्झापूरकडे जात असे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी बंधूंच्या पेढीने तो मुंबईस नेण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. त्यांनी शेतकऱ्यांस आगाऊ रकमा दिल्या आणि कापूस दाबण्याचे पेच बसविले. माल हवा असेल तर मालाच्या जन्मस्थानी जाऊन पैसा गुंतविला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. परंतु हा अपवाद. सर्वसाधारण वाट लांबच होती. शेतकऱ्याचा कापूस गावच्या सावकाराकडे, सावकाराकडून आडत्याकडे, आडत्याकडून मुंबईच्या दलालाकडे आणि तेथून निर्यात करणाऱ्या पेढीकडे जाई. ह्या वाटेवर कापूस हळूहळू जड होई. कोणी पाणी शिंपडी, कोणी माती वा सरकी मिसळी. आणि लिव्हरपूलला गाठ फोडल्यावर दोष कोणाचा, हे सांगता येत नसे. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवीच्या काळात आपल्या कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हा ही भेसळ इतकी वाढली की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

कायद्याहून अधिक काम आगगाडीने केले. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला; १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा खुला झाला, आणि त्याच वर्षी समुद्रातील तारेने मुंबई विलायतेस जोडली गेली. आता लिव्हरपूलचा भाव खामगावात ताबडतोब कळू लागला. भावाची बातमी हीच ज्यांची खरी पुंजी होती, अशा मधल्या पुष्कळांची पुंजी एका तारेने रिकामी केली. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्यांनी वऱ्हाडात आपली माणसे नेमली, स्वतःचे दाबकारखाने चालविले आणि बाजारातच माल पारखून घेण्यास आरंभ केला. गाठीवर आता त्यांचा शिक्का असे. माल वाईट निघाला तर नाव त्यांचे जाई. थेट संबंधाचे रहस्य हेच होय. मधला माणूस नाहीसा झाला नाही, पण जबाबदारी घेणारा एक जण निश्चित झाला.

आजच्या जाळ्यांनाही हेच करावे लागते. जाहिरातदाराच्या दुकानात विक्री मोजण्याची आपली खूण बसवावयाची, परत आलेल्या मालाचा हिशेब उघडा ठेवावयाचा, आणि आपल्या हाताखालच्या प्रत्येक तरुणाच्या सचोटीची हमी घ्यावयाची. कारण भेसळ येथेही आहे. ग्राहकाने दुवा दाबलेलाच नसता त्याच्या यंत्रात गुपचूप आपली खूण टाकून ठेवणे आणि त्याने पुढे स्वतःहून केलेल्या खरेदीवर दलाली उकळणे, ही ओल्या कापसाचीच सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल. ईबे ह्या अमेरिकन बाजारपेढीची अशी फसवणूक करणाऱ्या दोघा बड्या दलालांस २०१४ साली तुरुंगवास झाला. त्यापूर्वीच, २००८ साली, ईबेने कमिशन जंक्शन हे मधले जाळे सोडून स्वतःचे जाळे उभारले होते. येथे मूळ धनीच खाली उतरून आला, खामगावास पेढ्या आल्या तशा.

आता ह्या थेटपणाचा लाभ कोणास झाला, हे पाहण्यासाठी आसेगावच्याच जिल्ह्यातील कारंजास जाऊ. भारतातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली तेथे, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने स्थापन झाला असे मानतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. माप आणि तोल ठरले, दलाल व तोलाऱ्यांस परवाने आले, मनमानी कपातींस आळा बसला. सुधारणा खरी होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण बाजाराची व्यवस्था ज्या समितीकडे सोपविली, तिच्या पाच सभासदांपैकी दोन नगरपालिकेचे आणि तीन कापसाच्या व्यापाऱ्यांपैकी. ज्याच्या गाड्या रात्रभर बाजाराच्या आवारात उभ्या राहत, त्याला त्या समितीत जागा नव्हती. विलायतेचा खरीददार आणि खामगावचा बाजार यांच्यात थेट संबंध जुळला. शेतकऱ्याचा मात्र संबंध पूर्वीप्रमाणे आडत्याशीच राहिला, कारण पेरणीच्या वेळी पैसा देणारा तोच होता.

आडत कोणी भरावी, हा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ रेंगाळला. महाराष्ट्रात फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरीददाराकडून घ्यावी, असे ठरण्यास २०१६ साल उजाडले. आसेगावच्या शिवारात आता सोयाबीनही उभे असते, आणि त्याच शिवारात बसून कोणी मोबाइलवर दुवा देतो. त्याचे जाळे जाहिरातदाराशी थेट करार करते तेव्हा दलालीचा दर, पैसे मिळण्याची मुदत आणि विक्री नामंजूर करण्याचा अधिकार ह्या तिन्ही गोष्टी त्या दोघांत ठरतात. त्या बैठकीस हा तरुण नसतो.