गळाचा दोरा कोठें तुटावा?

राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. रोजच्या हाताळणींतल्या वस्तूंचा मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. गळाचा दोरा ही अशीच एक उपेक्षित वस्तु. विषय ऐकून कित्येक वाचक हंसतील, आणि मत्स्याहार वर्ज्य मानणारीं कुटुंबें कदाचित् पान उलटतील. परंतु हा दोरा निवडतांना मनुष्यानें शतकानुशतकें जो विचार केला, त्यांत एक सर्वसामान्य प्रश्न दडलेला आहे. मजबूत वस्तु म्हणजेच चांगली वस्तु काय? लहान व नितळ नदीवर कृत्रिम आमिषानें मासा धरणाऱ्यांनीं या प्रश्नाचें उत्तर वेळोवेळीं कसें दिलें, तेवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

कृत्रिम आमिषाची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या ईलियन नांवाच्या रोमन लेखकानें मॅसिडोनियांतील एका नदीवरची हकीकत दिली आहे. तेथील मासे पाण्यावर उडणाऱ्या माश्या खात. पण खरी माशी हातांत धरली कीं तिचें रूप बिघडे. म्हणून लोकांनीं गळाला तांबडी लोंकर गुंडाळून कोंबड्याचीं पिसें बांधण्याची युक्ति काढली. काठी सहा फूट, आणि दोराही तेवढाच. आपल्या दक्षिणेंतही हा छंद राजमान्य होता. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ रचला. जुन्या मराठीचे नमुने सांपडतात म्हणून आपले अभ्यासक ज्या ग्रंथाला मान देतात, तोच हा. त्यांत राजाच्या विनोदांमध्यें ‘मत्स्यविनोदा’ला स्वतंत्र स्थान असून, कोणत्या माशाला काय चारावें याचाही ऊहापोह आहे.

दोऱ्याच्या निवडीचा शास्त्रशुद्ध म्हणावा असा विचार मात्र इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या एका निबंधांत आढळतो. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका बाईस देते. त्या काळीं दोरा घोड्याच्या शेंपटीच्या केंसांचा वळीत. कोणत्या माशाला किती केंस, याचें कोष्टकच निबंधांत आहे: अगदीं चिमुकल्या माशाला एक, पर्चला चार, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा आणि सॅमनला पंधरा. जितका मासा तितकाच दोरा. त्याहून अधिक नाहीं. दोरा पाण्याच्या रंगाप्रमाणें रंगवावा, असेंही त्यांत सांगितलें आहे.

पुढें आयझॅक वॉल्टनच्या ‘कंप्लीट अँग्लर’ (१६५३) या प्रसिद्ध ग्रंथाला १६७६ सालीं चार्ल्स कॉटननें पुरवणी जोडली. त्याची नदी म्हणजे डर्बीशरमधली डव्ह, लहान आणि आरशासारखी स्वच्छ. गळाजवळचा तुकडा दोनच केंसांचा असावा, त्यामागचे तुकडे तीन, मग चार, असे काठीकडे क्रमानें जाड होत जावेत, असा त्याचा दंडक होता. मोकळ्या पाण्यांत दोन केंसांवर चांगला मोठा ट्राउट ज्याला आणतां येत नाहीं, त्याला तो या विद्येंत जमेसच धरीत नसे. या रचनेंत एक शहाणपण होतें. दोरा तुटलाच तर गळाजवळ तुटे. मासा वीतभर केंस घेऊन जाई, आणि तो केंसही कालांतरानें कुजून जाई.

केंसामागून रेशीम आलें. स्पेनमधील मुर्सिया प्रांतांत कोश विणण्याच्या बेतांत आलेले रेशमाचे किडे शिर्क्यांत बुडवून, त्यांच्या पोटांतील रेशीमग्रंथि ओढून तार काढीत. ती गळाजवळ बांधीत. मागचा दोरा वेणीसारखा गुंफलेल्या रेशमाचा, जवसाच्या तेलांत मुरवलेला असे. तो प्रत्येक दिवसाअखेर उलगडून वाळवावा लागे, नाहींतर कुजे. १९०५ सालीं लोंकरीच्या गिरण्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या ब्रॅडफर्ड शहरच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यानें एका नव्या रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींतल्या कांडीच्या टोंकावरून सूत जसें सरसर निघतें, तसा या रिळावरून दोरा निघे. रीळ स्वतः फिरत नसे. त्यामुळें दोन-चार ग्रॅमचें आमिषही दूर फेंकतां येऊं लागलें. परंतु इतकें हलकें आमिष जाड दोऱ्याला ओढूं शकत नाहीं; तेव्हां बारीक दोऱ्याची गरज पूर्वीपेक्षां तीव्र झाली.

ती गरज आधीं नायलॉननें भागविली. डु पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स यानें तें १९३५ सालीं सिद्ध केलें. आपल्या किनाऱ्यावर ज्याला तंगूस म्हणतात तो याच जातीचा एकेरी दोरा. पुढें १९७९ च्या सुमारास हॉलंडांतील डीएसएम कंपनीच्या पॉल स्मिथ व पीट लेम्स्ट्रा या शास्त्रज्ञांनीं फार लांब रेणूंचें पॉलिएथिलीन द्रावणांत विरघळवून, त्याचे तंतु काढून, ते तापवून ताणले. त्यामुळें रेणु एका दिशेनें ओळीनें बसले आणि विलक्षण बळकट धागा हातीं आला. असे चार किंवा आठ धागे गुंफले कीं आजचा वेणीदार दोरा तयार होतो. जपानी मापानें याचा एक क्रमांक म्हणजे २०० डेनियर. आणि डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचें ग्रॅममधील वजन. हें माप रेशमाच्या व्यापारांतलें. रेशीम गेलें, पण त्याचा तराजू राहिला!

लहान नदीसाठीं ०.६ क्रमांकाचा, म्हणजे सुमारें ०.१३ मिलिमीटर जाडीचा दोरा पुरे होतो. तो सामान्यतः पांच किलोंच्या आसपास ताण सोसतो. तेवढ्याच बळाचें नायलॉन जवळजवळ दुप्पट जाड असतें. आठ धाग्यांची वेणी गोल व गुळगुळीत असल्यामुळें दूर जाते. चार धाग्यांची खरबरीत असली तरी तिचे धागे जाड असल्यानें खडकाळ पात्रांत अधिक टिकते. हा दोरा ताणत नाहीं, म्हणून माशाचा स्पर्श हाताला तत्काळ कळतो. पण त्याच कारणानें काठी लवचिक व रिळाचा अटकाव सैल ठेवावा लागतो. गांठ ओली करूनच आवळावी, कारण घर्षणाच्या उष्णतेनें पॉलिएथिलीन दुबळें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. हा दोरा आमिषाला थेट बांधला, आणि आमिष बुडालेल्या मुळांत अडकलें, तर तो कोठें तुटेल याचा नेम नाहीं. अनेकदां तो काठीजवळ तुटतो, आणि दहा-वीस मीटर दोरा नदींत राहतो. केंस कुजत असे, रेशीम कुजत असे. हा वर्षानुवर्षें कुजत नाहीं. पाणपक्ष्याच्या पायांत त्याचा फांस बसला तर तो सुटत नाहीं. हाताला गुंडाळून ओढूं पाहणाऱ्याचीं बोटेंही तो कापतो.

म्हणून वेणीच्या टोंकाला हातभर ते वांवभर नायलॉन जोडावें, आणि तें वेणीहून निश्चितपणें दुबळें, दोन-तीन किलोंचें, असावें. नायलॉन पाण्यांत कमी दिसतें, दगडाशीं घासलें तरी कांहीं काळ तग धरतें, आणि मुख्य म्हणजे तुटायचें तेव्हां तेंच तुटतें. कॉटननें दोन केंसांनीं जें साधलें, तेंच हें.

फरक इतकाच, कीं पूर्वीच्या माणसाला दुबळेपणा आपोआप मिळत असे. केंसाला त्याहून अधिक बळच नव्हतें. आज बळ पैशानें विकत मिळतें, आणि दुबळेपणा विचार करून जोडावा लागतो. दुकानांतला सर्वांत मजबूत दोरा घेणारा माणूस मासा गमावीत नसेल. पण चुकीची किंमत त्याच्याऐवजीं नदी भरते. आपली वस्तु कोठें तुटावी, हें आधींच ठरवून ठेवणें हा बळ हातीं आलेल्या माणसाचा पहिला धर्म होय, असें आम्हांस वाटतें.