पासपोर्टासोबत येणारा कर: अमेरिकी आयकर नंदनवनापर्यंत कसा पोहोचला?

१/ समजा, नागपूरच्या नंदनवनात राहून अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी न्यू जर्सीत जन्मली आणि तान्ही असतानाच आईवडिलांसोबत परतली. अमेरिका तिला आठवतही नाही. तरीही ठरावीक मर्यादेपुढे उत्पन्न गेले, की तिला तेथे विवरणपत्र भरावे लागते. या बंधनाचे मूळ एका युद्धात आहे. 🧵

२/ १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने पहिला संघीय आयकर लावला. १८६४ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिकांचे उत्पन्नही त्याच्या कक्षेत आणले. युद्धकाळी परदेशी जाऊन राहणाऱ्या धनिकांनी भार टाळू नये, ही त्यामागील भावना होती.

३/ १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकी भूमीवरील जन्म हा नागरिकत्वाचा आधार ठरला. युद्धकालीन कर १८७२ मध्ये संपला. परंतु १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर आयकर कायमचा परतला, आणि नागरिकत्वाचे तत्त्वही.

४/ मेक्सिकोत स्थायिक झालेल्या कुक नावाच्या अमेरिकी नागरिकाने या तत्त्वाला आव्हान दिले. आपण मेक्सिकोत, मालमत्ता मेक्सिकोत. मग अमेरिकेला कर का? १९२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. नागरिक कोठेही असो, शासनाचे संरक्षण त्याच्यासोबत असते, हा न्यायालयाचा युक्तिवाद होता.

५/ भारताची वाट निराळी. १८५७ च्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सनने १८६० मध्ये येथे आयकर आणला. पुढे १९२२ आणि १९६१ च्या कायद्यांत करदात्याचा निवास हा निकष झाला. म्हणूनच अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनिवासी नागपूरकराच्या तेथील पगारावर भारत सहसा कर घेत नाही.

६/ योगायोग पाहा: ‘आयआरएस’ म्हटले की अमेरिकेत करखाते आठवते, नागपुरात मात्र भारतीय महसूल सेवा. तिच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष करांचे प्रशिक्षण देणारी संस्था १९५७ पासून याच शहरात आहे.

७/ दीर्घकाळ हे अमेरिकी बंधन बरेचसे कागदावर राहिले. १९७० च्या कायद्याने परदेशी खात्यांच्या माहितीची सक्ती आली. २०१० च्या ‘फॅटका’ कायद्याने परदेशी बँकांनाच माहिती देण्यास भाग पाडले. ९ जुलै २०१५ रोजी भारताने त्यासंबंधीच्या करारावर सही केली.

८/ विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ काय? पदवीसाठी शिकताना शिक्षणशुल्कासाठी मिळालेली शिष्यवृत्ती सामान्यतः करमुक्त. निवास-भोजनाचा भाग मात्र उत्पन्नात धरला जातो. परदेशी राहणाऱ्यांना विवरणपत्रासाठी साधारणतः १५ जूनपर्यंत मुदत मिळते. खात्यांचे बंधन वेगळे आहे: परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरांवर गेली, तर कर शून्य असला तरी ती कळवावी लागते. आजोबांच्या मुदत ठेवीत नातीचे संयुक्त नाव असेल, तर तीही मोजली जाते.

९/ उलट दिशेचा प्रवासही पाहावा. १९८९ च्या भारत-अमेरिका करारामुळे तेथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. कराचा आधार जन्म असावा, नागरिकत्व असावे की निवास? कुकचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे. तुमचे मत काय?